लॅटिनो मुलांना कॉलेजात आणणं आणि टिकवणं: कामाच्या पायऱ्या, आमच्या चुकांसकट

आमच्या कॉलेजनं पहिल्यांदा स्पॅनिशमधे माहितीपत्रक काढलं तेव्हा कुणीतरी इंग्रजी मजकूर मशीनमधे टाकला आणि जे बाहेर पडलं ते तसंच छापून आणलं, गुळगुळीत कागद, छान फोटो, आणि जिथे जिथे कॉलेज हा शब्द होता तिथे तिथे 'कोलेहियो'. आता कोलेहियो म्हणजे लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी शाळा, आपली साधी शाळा. म्हणजे हायस्कूल संपवत आलेल्या पोरांच्या आईबापांना आम्ही सांगत होतो की मुलाला आमच्या शाळेत घाला, एवढे हजार डॉलर भरून. एका आईनं मला विचारलंच, बाई, शाळा तर पोरगी मे महिन्यात संपवतेय, परत शाळेत कशाला? उनिवेर्सिदाद लिहायला हवं होतं, एवढंच. पण ऑफिसात ते पत्रक छापायच्या आधी वाचून बघेल असं स्पॅनिश बोलणारं एकही माणूस नव्हतं, आणि खरी गोम ती होती.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टात एका छोट्या खाजगी कॉलेजात अ‍ॅडव्हायजर आहे, मूळची सोलापूरची, स्पॅनिश कामचलाऊ. इथल्या कॉलेजांत मराठी माणसं भरपूर आहेत, कुणी शिकवतं, कुणी आयटीत, कुणी माझ्यासारखं ऑफिसात, आणि कधी ना कधी एखादी कमिटी गळ्यात पडते की लॅटिनो विद्यार्थी वाढवायचेत, तुम्ही पण इमिग्रंट आहात ना, मग या. (हे लॉजिक मला अजून कळलेलं नाही.) अशा कमिटीत बसलेल्या माणसासाठी हे लिहितेय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक कॉलेजं उलटी सुरुवात करतात, आधी भरती मग सोय. पाहुणे दारात आल्यावर घर झाडायला घ्यायचं तसलं.

पायरी ०: आपण कुणाबद्दल बोलतोय ते नीट करून घ्या

लॅटिनो म्हणजे ज्यांची मुळं लॅटिन अमेरिकेत आहेत ती माणसं. ही एक जात नाही, एक देश नाही, एक भाषा पण नाही. अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांत निम्म्याहून जास्त मेक्सिकन मुळाचे आहेत. पोर्तो रिकोची माणसं १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत, त्यांना 'व्हिसा कुठला' असं विचारलंत तर तुमची पहिली भेट तिथेच संपली. ब्राझीलची मंडळी पोर्तुगीज बोलतात. ग्वातेमालाहून आलेल्या कित्येक घरांत माम किंवा किचे ही माया कुळातली भाषा घरची असते आणि स्पॅनिश ही शाळेत शिकलेली, म्हणजे आपल्याकडे मेळघाटातल्या कोरकू घराशी मराठीत बोलून 'मातृभाषेत संवाद साधला' म्हणण्यासारखं. आणि पोरांपैकी बरीचशी इथेच जन्मलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी, काहींना स्पॅनिश धड येतही नाही आणि त्याची त्यांना घरी बोलणी बसतात.

शब्दावरून पण एक सांगते. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२० च्या पाहणीत 'लॅटिनेक्स' (लॅटिनो-लॅटिना असा बाई-पुरुष भेद टाळणारा) हा शब्द स्वतःसाठी वापरणारे प्रौढ साधारण ३ टक्के निघाले. कॅम्पसवर हा शब्द सगळीकडे दिसतो, पण आईबापांच्या मीटिंगच्या पोस्टरवर नको. मुलाला विचारा तू स्वतःला काय म्हणतोस, आणि तेच म्हणा.

नावाचं बघा. स्पॅनिश पद्धतीत दोन आडनावं, पहिलं बापाकडचं, दुसरं आईकडचं. इथलं सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव धरतं, मग बापाचं आडनाव मिडल नेम होऊन बसतं, किंवा फॉर्मवर एक, ट्रान्सक्रिप्टवर दुसरं, आणि एका मुलीच्या दोन फाइली. आपल्याला हे शिकवायला नको, वडलांचं नाव मधे लावून आपण इथल्या प्रत्येक काउंटरवर हेच भोगलंय. आयटीतल्या माणसाला धरून दोन आडनावं आणि स्पॅनिशमधलं ñ हे अक्षर सिस्टिममधे नीट बसतंय का ते भरतीच्या आधी तपासून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि आपल्याला अजून एक आयतं मिळालेलं आहे. स्पॅनिशमधे 'तू' म्हणजे चक्क तू, आणि मोठ्यांसाठी उस्तेद, म्हणजे तुम्ही. इंग्रजीत हा फरकच नाही त्यामुळे इथल्या लोकांच्या तो डोक्यात येत नाही. आईवडलांना जाणाऱ्या पत्रात उस्तेदच हवं. पोरांना टेक्स्ट करताना तू चालेल.

पायरी १: आधी आपल्याच फाइली वाचा

१९८१ साली कॅलिफोर्नियातल्या हेवर्डच्या शॅबो कॉलेजात फेलिक्स गालाविस नावाचे काउन्सेलर आणि पॅट्रिशिया मॅकग्रा नावाच्या इंग्रजीच्या शिक्षिका, या दोघांनी एक साधी गोष्ट केली. लॅटिनो मुलांची ट्रान्सक्रिप्ट्स घेऊन बसले आणि वाचत गेले. दिसलं काय? मुलं काउन्सेलरकडे फिरकत नव्हती, कॉलेज लेव्हलचा लेखनाचा कोर्स टाळत होती, आणि घरात कॉलेजात आलेलं आधी कुणीच नव्हतं. मग त्यांनी प्रोग्रॅम काढला तो बरोबर या तीन भोकांना तीन ठिगळं: लेखनाचा वर्ग, काउन्सेलर त्याच वर्गात बसलेला, आणि समाजातलाच नोकरीधंद्यात स्थिरावलेला एक मेंटर. नाव ठेवलं पुएन्ते, म्हणजे पूल. आज तो कॅलिफोर्नियाच्या कितीतरी कम्युनिटी कॉलेजांत चालतो, आणि कुठल्याही वंशाच्या मुलाला खुला आहे, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तुम्ही पण तेच करा. मागच्या पाच वर्षांतली लॅटिनो मुलं काढा आणि बघा की कुठल्या सेमिस्टरला गळाली, कुठल्या कोर्सला, किती डॉलर थकबाकी असताना. आम्ही केलं तेव्हा आम्हाला वाटत होतं की मुलं गणितात अडकतात, निघालं भलतंच, पास होत असलेली मुलं दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला काही शे डॉलर थकले म्हणून कॉलेजनं लावलेल्या होल्डमुळे रजिस्टर होऊ शकली नव्हती आणि मग परतली नाहीत. गणिताची जादा शिकवणी ठेवायचं आमचं बजेट तयार होतं बरं का. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीनं नेमकं यावरच २०११ पासून छोट्या छोट्या ग्रँट्स द्यायला सुरुवात केली, पदवीच्या वाटेवर असलेल्या पण थोडी रक्कम कमी पडल्यामुळे बाहेर पडणाऱ्या मुलांच्या खात्यात कॉलेजच पैसे टाकतं.

पायरी २: कायद्याचं कुंपण (लवकर उरकते)

जून २०२३ मधे सुप्रीम कोर्टानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या केसमधे प्रवेश देताना वंश हा निकष बंद केला. टेक्साससारख्या राज्यांत सरकारी युनिव्हर्सिट्यांतली डायव्हर्सिटी ऑफिसंच कायद्यानं गेली, तिथला कायदा जानेवारी २०२४ पासून लागू आहे. एचएसआय (हिस्पॅनिक-सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन) म्हणतात ती मान्यता, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक (सरकारी कागदांत लॅटिनोंना म्हणतात ते) असले की मिळते ती, तिच्यावर मिळणाऱ्या केंद्राच्या ग्रँट्सना २०२५ मधे शिक्षण खात्यानंच कात्री लावली. त्यामुळे 'एचएसआय होऊ, ग्रँट येईल, मग काम करू' हा प्लॅन असेल तर तो सोडा.

करायचं काय, तर प्रोग्रॅम सगळ्यांना खुले ठेवायचे आणि आखायचे गरजेवरून. घरातलं पहिलं कॉलेजात येणारं मूल, रोज घरून ये-जा करणारं मूल, घरी दुसरी भाषा बोलणारं मूल. कॉलेजच्या वकिलाला सुरुवातीलाच खोलीत घ्या, शेवटी घेतलात तर तो फक्त नाही म्हणायला येतो.

पायरी ३: भरती मुलाची नाही, घराची

इथली कॉलेजं समजून चालतात की सतरा वर्षांचं पोर स्वतः ठरवतं. लॅटिनो घरात (आणि सोलापुरात पण!) तसं नसतं. आई, बाप, मोठी बहीण, पाद्रिनो म्हणजे धर्मपिता, गावाकडची आजी फोनवर, सगळे मिळून ठरतं. मुलगी ८० मैलांवर हॉस्टेलात राहणार म्हटल्यावर बापाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय आणि मला तो चेहरा ओळखीचा आहे. आमचे अ‍ॅडमिशनवाले आधी या बापांना 'अडथळा' म्हणायचे. अडथळा नाही हो, गिऱ्हाईक तेच आहे.

स्पॅनिशमधे एदुकासिओन हा शब्द आहे, त्याचा अर्थ नुसतं शिक्षण नाही, वळण पण त्यातच येतं. 'ब्येन एदुकादो' मूल म्हणजे मोठ्यांशी नीट बोलणारं, वळण लागलेलं, मग ते चौथी नापास का असेना. त्यामुळे 'आमच्याकडे येऊन स्वतंत्र व्हा, स्वतःला शोधा' असलं पोस्टर बघून आईला काय वाटेल याचा विचार करा. तिला ऐकू येतं की पोरगी आमच्यापासून तुटणार. तिथे सांगायचं काय, तर रात्री हॉस्टेलला कोण असतं, रविवारी घरी यायला बस कुठली, आजारी पडली तर कोण बघतं, धाकट्या भावंडांना कॅम्पस बघायला आणता येईल का. हे प्रश्न त्या विचारणार नाहीत कदाचित, तुम्हीच उत्तर द्यायचं.

वेळेचं गणित चुकवू नका. मिडवेस्टात ही कुटुंबं मांस कारखान्यात, डेअरीत, फॅक्टऱ्यांत आहेत, सेकंड शिफ्ट दुपारी तीनच्या आसपास लागते ती रात्री अकरापर्यंत. आणि आमची 'कॉलेज नाइट' मंगळवारी संध्याकाळी सहाला. मग रिपोर्टात लिहायचं की पालकांना रस नाही. शनिवारी सकाळी घ्या, रविवारी स्पॅनिश मिस्सा सुटल्यावर चर्चच्या हॉलमधे घ्या, फादरला आधी भेटून, आणि लक्षात ठेवा सगळे कॅथलिक नाहीत, पेंतेकोस्तल चर्चं गल्लोगल्ली आहेत, तिथल्या पास्तरचा शब्द जास्तच चालतो. रविवारच्या फुटबॉल लीगचं मैदान, पानादेरिया म्हणजे बेकरी, गावाकडे पैसे पाठवायचं दुकान, स्थानिक स्पॅनिश रेडिओ. ईमेल मात्र कुणी वाचत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, आपल्यासारखाच त्यांचाही सगळा संसार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, गुड मॉर्निंगच्या फुलांसकट.

पोरं जेवण करून येतात, आईबाप उपाशी कामावरून येतात, लहान मुलं सोबत असतात. जेवण ठेवा, खरंखुरं, आणि मुलांना खेळायला एक कोपरा. आणि मुख्य म्हणजे बोलायला कॉलेजचा डीन नको, तिथलीच तिसऱ्या वर्षाची पोरगी आणि तिची आई हवी. आई आईशी बोलते तेव्हा पैशाचं, भीतीचं, पोरगी बदलली का याचं, सगळं निघतं. त्या पोरीला आणि आईला मानधन द्या. दरवेळी फुकटात बोलवून नंतर फोटो छापायचे हे बरं दिसत नाही.

सुरुवात कधी? बारावीला फारच उशीर होतो. सातवी-आठवीला. इंडियानात ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी स्कॉलर्स नावाची राज्याची शिष्यवृत्ती १९९० पासून आहे, तिची नोंद मुळात शाळेतच सातवी-आठवीला व्हायची, कितीतरी घरांना हे कळेपर्यंत पोरगं दहावीत गेलेलं असायचं. आता पात्र मुलांची नोंद आपोआप होते, पण पुढे पाळायच्या अटी आहेत त्या कुणीतरी घरी बसून समजावून सांगायला लागतात.

पायरी ४: पैसा, आणि कागद

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण बाकी सगळं जमून इथे गाडी रुतते.

पहिली गोष्ट, छापील फी आणि प्रत्यक्ष भरायची रक्कम यात जमीन-अस्मानाचा फरक असतो हे इथल्या लोकांना पण माहीत नसतं, तर नव्या माणसाला कुठून असणार. ४० हजार डॉलर वाचून बाप खुर्चीवरून उठतो. म्हणून कुठल्याही मीटिंगमधे पहिल्या दहा मिनिटांत खरं उदाहरण फळ्यावर मांडा: एवढं उत्पन्न, एवढी माणसं, एवढी ग्रँट, उरले एवढे.

दुसरं, फॅफ्सा. केंद्राच्या मदतीचा हा अर्ज एरवी १ ऑक्टोबरला उघडतो. नवीन 'सोपा' फॉर्म आणला तो थेट डिसेंबर २०२३ च्या शेवटी उघडला, आणि ज्या आईबापांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही त्यांना त्यात शिरताच येईना, पोर स्वतः नागरिक असून महिनोनमहिने अडकलं. त्यानंतर दुरुस्त्या झाल्या, पण लोकांच्या मनात 'तो फॉर्म' म्हणजे संकट हे बसलंय ते बसलंयच. सांगायचं असं: मूल नागरिक असेल तर आईबापांचे कागद कसेही असोत, मुलाचा केंद्राच्या मदतीवर हक्क आहे. पेल ग्रँट, म्हणजे गरजू मुलांना केंद्राची मदत, २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, आणि ती परत करायची नसते. पण कुणी विचारलं की माझी माहिती सरकारातल्या दुसऱ्या खात्याकडे जाईल का, तर 'काही होत नाही हो' असं म्हणू नका. तुम्ही ती खात्री देऊ शकत नाही. ठरवणार घर, तुम्ही इमिग्रेशन वकिलाची मोफत वेळ लावून द्यायची.

तिसरं, कागद नसलेली मुलं. त्यांना आणि डाकावाल्यांना (लहानपणी कागदांविना आणलेली, तात्पुरतं संरक्षण मिळालेली मुलं) केंद्राची ग्रँट-कर्ज काहीच नाही. राज्याराज्यात फरक: टेक्सासनं २००१ मधे सगळ्यात आधी अशा मुलांना राज्यातल्या रहिवाशांच्या कमी दरानं फी लावली, त्याच वर्षी कॅलिफोर्निया आलं, आणि जून २०२५ मधे टेक्सासची सोय कोर्टातून बंद झाली. इंडियानानं तर २०११ मधेच सरकारी कॉलेजांत हे बंद केलेलं. खाजगी कॉलेज स्वतःच्या पैशातून मदत करू शकतं, करत असाल तर तसं वेबसाइटवर सगळ्यांना दिसेल असं लिहा. का? तर कुणालाही तोंड उघडून 'माझ्याकडे कागद नाहीत' म्हणायची वेळ येऊ नये. स्टाफला सक्त सांगा, स्टेटस विचारायचं नाही, मुलानं आपणहून सांगितलं तर ते फाइलीत, ईमेलमधे कुठेही लिहायचं नाही.

चौथं, कर्ज. डोक्यावर कर्ज नको ही वृत्ती या घरांत घट्ट आहे, आणि मी तरी तिला मागासलेपणा म्हणणार नाही. पण ऑफर लेटरमधे ग्रँट, कर्ज, वर्क-स्टडी सगळं एका यादीत आणि खाली एकच बेरीज, हा प्रकार फसवाफसवीच्या जवळ जातो. एक पान बनवा स्पॅनिशमधे, तीन रकाने: फुकटचे, कमवायचे, फेडायचे. बस. आमच्याकडे या एका पानानं जेवढं काम केलं तेवढं त्या गुळगुळीत पत्रकानं कधी केलं नाही.

आणि पैशाच्या बैठकीत मुलालाच दुभाषी करू नका. ही पोरं आठव्या वर्षापासून डॉक्टरकडे, बँकेत, घरमालकासमोर आईबापांचं भाषांतर करत आलीत. 'तुझ्या बापाची कमाई पुरत नाही' हे वाक्य त्याच पोरानं बापाला सांगायचं?

पायरी ५: उन्हाळ्यात गळणारी मुलं

मे महिन्यात हो म्हणालेलं मूल ऑगस्टमधे येतच नाही, याला इथे समर मेल्ट म्हणतात. कारणं अगदी फालतू असतात, हॉस्टेलचं डिपॉझिट, लसीचा कागद, उत्पन्नाच्या पडताळणीचं पत्र जे पोर्टलमधे पडून होतं, विम्याची सक्ती जी ठराविक तारखेआधी नको म्हणून कळवायची असते. शाळेतला काउन्सेलर सुट्टीवर, कॉलेजचा अजून ओळखीचा नाही. जॉर्जिया स्टेटनं २०१६ मधे टेक्स्टवर उत्तरं देणारा चॅटबॉट लावला आणि मेल्ट पाचव्या हिश्शानं कमी केला. तुमच्याकडे चॅटबॉट नसला तरी चालेल, दोन विद्यार्थी पगारावर ठेवा, एक स्पॅनिश बोलणारा, जूनपासून ऑगस्टपर्यंत दर आठवड्याला एक मेसेज, एका मेसेजमधे एकच काम. डिपॉझिट माफीचा फॉर्म मागायची वाट न बघता पाठवा.

ओरिएंटेशनला फी असेल तर काढा. आणि अख्ख्या घराला बोलवा, स्पॅनिश सत्र वेगळं, 'नंतर हेडफोनवर भाषांतर' नाही. त्यात फर्पा समजावून सांगाच. १९७४ चा कायदा आहे, मूल कॉलेजात गेलं की त्याचे मार्क आईबापांना दाखवायला साधारणपणे मुलाची संमती लागते. आई फोन करते, पलीकडून थंडपणे 'आम्ही सांगू शकत नाही', तिला वाटतं काहीतरी लपवतायत. संमतीचा फॉर्म त्याच दिवशी टेबलवर ठेवा, मुलाला वाटलं तर सही करेल, न केली तरी आईला नियम कळलेला असेल.

पायरी ६: पहिलं सेमिस्टर

लॉरा रेन्दोन या अभ्यासक बाईंनी १९९४ मधे मांडलेला मुद्दा मला फार पटतो: अशी मुलं मदत मागायला येत नाहीत, मदतीनं त्यांच्याकडे जायला हवं, आणि सुरुवातीच्या आठवड्यांतच कुणीतरी 'तुला जमेल, तू इथलाच' हे दाखवून द्यायला हवं. ऑफिस अवर्स म्हणजे काय हे कित्येकांना माहीत नसतं, सरांना त्रास कशाला द्यायचा ही आपल्यासारखीच भावना. म्हणून पहिली भेट सक्तीची करा, दहा मिनिटं, हजेरीत धरून.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा असॅप नावाचा प्रोग्रॅम २००७ पासून आहे, कम्युनिटी कॉलेजातल्या मुलांसाठी. कमी विद्यार्थ्यांमागे एक अ‍ॅडव्हायजर, सारख्या भेटी, पुस्तकांना मदत, आणि मेट्रोचा पास. रीतसर चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत पदवी मिळवणारे प्रोग्रॅममधे ४० टक्के, बाहेर २२. मेट्रोच्या पासावर हसू नका, पास घ्यायला मुलाला महिन्यातून एकदा ऑफिसात यावं लागायचं आणि त्या निमित्तानं बोलणं व्हायचं.

घरून येणाऱ्यांसाठी लॉकर, मायक्रोवेव्ह, आणि दोन क्लासच्या मधे बसायला जागा, जिथून कुणी उठवणार नाही. नोकरी कॅम्पसवरच मिळवून द्या, बाहेर २५-३० तास राबलं की अभ्यासाचं संपलं. रयतच्या 'कमवा आणि शिका'ला हे कळलेलं होतं, इथल्या वर्क-स्टडीला पण कळलेलं आहे, फक्त लायब्ररीतल्या जागा कुणाला मिळतात ते जाऊन बघा.

रजेचे नियम वाचा. आमच्या फॉर्मवर 'जवळचं कुटुंब' म्हणजे आईबाप आणि भावंडं. आजी गेली तर रजा नाही, आणि ज्या आजीनं पोराला वाढवलं ती गेलेली असते मेक्सिकोतल्या मिचोआकानमधे, जायला-यायलाच चार दिवस. एक ओळ बदलायची होती, दीड वर्ष लागलं.

स्पॅनिश विभागाला सांगा घरी स्पॅनिश ऐकत वाढलेल्या मुलांना 'ओला, कोमो एस्तास' वाल्या वर्गात बसवू नका. त्यांना बोलता येतं, लिहिताना अडतात, त्यांचा कोर्स वेगळा असतो. न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी पोराला अ आ इ ई पासून मराठी शिकवायला बसवलं तर ते कंटाळेल, आणि देवनागरीत निबंध लिही म्हटलं तर रडेल, बरोबर ती अवस्था.

पायरी ७: वर्गात काय, म्हणजे इंटरकल्चरल हा शब्द खरा कुठे लागतो

सप्टेंबर १५ ते ऑक्टोबर १५ हिस्पॅनिक हेरिटेज मंथ. कॅफेटेरियात टाको, भिंतीवर कागदी पताका, झालं. आणि ५ मे ला सोम्ब्रेरो घालून मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, जो मुळात स्वातंत्र्यदिन नाहीच, ती १८६२ ची पुएब्लाची लढाई. पताकांना माझी हरकत नाही, पण त्यात शिकायचं काम कुणीच करत नाही.

उत्तर इंडियानात गोशेन नावाचं छोटं मेनोनाइट (हा एक ख्रिस्ती पंथ) कॉलेज आहे. १९६८ मधे त्यानं आपल्या विद्यार्थ्यांना एक टर्म परदेशात पाठवायला सुरुवात केली, यजमान घरांत राहायला आणि काम करायला, सुरुवातीच्या देशांत कोस्टा रिका होताच. त्याच एल्कहार्ट काउंटीत आरव्हीच्या (म्हणजे आत राहता येतं अशा फिरत्या गाड्यांच्या) कारखान्यांत कामाला स्पॅनिश बोलणारी हजारो कुटुंबं येऊन राहिली. म्हणजे स्पॅनिश शिकायला पोरं विमानानं जायची आणि कॅम्पसपासून सायकलच्या अंतरावर स्पॅनिश गल्ल्या. २००६ मधे लिली एंडोमेंट या धर्मादाय संस्थेची मोठी ग्रँट घेऊन कॉलेजनं इंटरकल्चरल शिक्षणाचं केंद्र काढलं, हेतू असा की लॅटिनो मुलं यावीत आणि कॉलेजही त्यांच्यामुळे बदलावं. हा दुसरा अर्धा भागच लोक विसरतात. नुसतं मुलांनी कॉलेजला शिकायचं असेल तर त्याला जुळवून घेणं म्हणतात, आणि ते तर ही पोरं पहिलीपासून करतायत.

वर्गात कसं करायचं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनचं. लुइस मोल हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या सुरुवातीला शाळेतल्या शिक्षकांना मेक्सिकन घरांत पाठवलं, तक्रार सांगायला नाही, शिकायला. घरांत काय सापडलं? शेतीची माहिती, खाणकाम, बांधकाम, जडीबुटी, सीमेपलीकडचा व्यापार. एक मुलगा मेक्सिकोहून आणलेल्या गोळ्या विकायचा, त्यावरून शिक्षिकेनं कँडीवरच अख्खा धडा उभा केला, त्यात गणित आलं, विज्ञान आलं, आणि गोळ्या करून दाखवायला एक आई वर्गात आली. कॉलेजात हेच करा: अकाउंटिंगच्या वर्गात मामाच्या टाको ट्रकचा जमाखर्च, नर्सिंगमधे दुभाषी म्हणून वाढलेल्या पोरीचा अनुभव हा अभ्यासाचा भाग, 'मुलाखत घ्या' असाइनमेंटमधे स्पॅनिशमधली मुलाखत पूर्ण मार्कांना.

ग्रुपवर्क लावताना एकच लॅटिनो मूल प्रत्येक गटात 'वाटून' टाकू नका, एकटं पडतं. निदान दोन. आणि इमिग्रेशनवर चर्चा निघाली की वर्गातल्या त्या मुलाकडे मान वळवायची नाही, 'तुमच्याकडे काय म्हणतात?' हे विचारायचं नाही. मला स्वतःला जातीवर, हुंड्यावर, गायीवर अकरा वर्षं विचारतायत, मला माहितेय ते कसं लागतं.

पायरी ८: काम कोण करतंय

बहुतेक कॉलेजांत स्पॅनिश बोलणारी एक बाई असते, फायनॅन्शियल एडच्या काउंटरवर, पगार सगळ्यात कमी. तीच भाषांतर करते, तीच पालकांचे फोन घेते, तीच रडणाऱ्या पोराला बसवून पाणी देते, तिच्या जॉब डिस्क्रिप्शनमधे यातलं काही नाही, आणि ती दोन वर्षांत दमून सोडून जाते, मग कमिटी म्हणते विश्वासाचं नातं का तुटलं. तिच्या पगारात द्विभाषिक कामाचा भत्ता घाला, कामात ते लिहा, आणि एक नाही दोन माणसं ठेवा. नवा प्राध्यापक लॅटिनो असेल तर त्याला पहिल्याच वर्षी सहा कमिट्यांवर घालू नका.

मोजायचं काय तर किती आले हे नाही, पहिल्या वर्षाचे दुसऱ्याला किती आले, दुसऱ्याचे तिसऱ्याला, किती कर्ज घेऊन बाहेर पडले. दर ऑक्टोबरला आणि दर मार्चला, नावानिशी यादी, समोर अ‍ॅडव्हायजर.

आणि तिकिटं

पदवीदानाला आमच्याकडे माणशी चार तिकिटं मिळतात. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीकडे सतरा माणसं येणार होती, दोन आज्या, पाद्रिनो जोडपं, शिकागोहून तीन गाड्या, त्यातले काका कारखान्यात रजा टाकून. ती माझ्याकडे आली ती 'आईला कसं सांगू की धाकट्यांना आणू नकोस' म्हणून. रजिस्ट्रारकडे जाऊन कळलं की न वापरलेली तिकिटं दरवर्षी शेकड्यानं उरतात, फक्त परत गोळा करून वाटायचं कुणी ठरवलेलं नाही. तुमच्या रजिस्ट्रारला हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विचारा. मे मधे विचारलंत तर उशीर झालेला असतो.